वेशीत थांबलेला मामा

लग्नात रुसणाऱ्या माणसाचा आमच्या आबांना भारी तिटकारा. शहागड आणि आसपासच्या गावांत लग्न निघालं की लोक पत्रिका छापायच्या आधी आबांकडे येतात. फेटा कुणाला बांधायचा, टॉवेल-टोपीवर कुणाची बोळवण करायची, कुंकू आधी कोणत्या चुलत्याला लावायचं, हे सगळं आबांना, म्हणजे रखमाजींना, विचारून ठरतं. एवढं करूनही एखादा जावई भर पंगतीतून उठतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तोंड फुगवून बसतो. मग त्याला उतरवायला आबांनाच धाडतात. आबा त्याच्या शेजारी बसतात, निवांत तंबाखू मळतात आणि म्हणतात, "जावईबापू, तुमी रुसले म्हून नवरी काळी व्हनार न्हाई आन् वरण आंबनार न्हाई. चला." आणि तो उतरतो. गावातले टवाळखोर त्यांना मानपान खात्याचे मंत्री म्हणतात. आबांना ते आवडतं. मोसंबीच्या बागेत कुणी हे नाव घेतलं की पाणी देता देता गालातल्या गालात हसतात.

मी त्यांची थोरली मुलगी वंदना. अंकुशनगरजवळच्या एका शाळेत शिकवते. माझा स्वभाव आबांच्यासारखा नाही. मला राग येतो, आणि आला की तो तोंडावर दिसतो. ही गोष्ट आबांनी अजून कुणाला सांगितलेली नाही, आईलासुद्धा नाही, आणि ते सांगणारही नाहीत. म्हणून मी सांगते.

आबांना एकुलती एक बहीण, मीना आत्या. आजी वारली तेव्हा आत्या परकर-पोलक्यात होती आणि आबांचं नुकतंच लग्न झालं होतं. आईला शेतातून यायला उशीर झाला की आत्याच्या वेण्या आबा घालायचे. "एक येनी कानावर, एक पार मानंवर, आन् पोरगी तशीच शाळंत," असं आई अजून हसत सांगते. आत्याचं लग्न कल्याणरावांशी झालं. त्यांना दिल्लीत नोकरी लागली, मग बढत्या मिळाल्या, आणि आत्या तिकडचीच झाली. पण तिची पहिली लेक, अर्पिता, जन्मली ती शहागडला, आमच्या घरात. तिचं जावळ काढलं ते आबांच्या मांडीवर, कारण जावळाला मामाचीच मांडी लागते. कान टोचले तेही त्याच मांडीवर. त्या वेळी अर्पिता आबांच्या दंडाला कडकडून चावली होती. आबा ती जागा कौतुकानं दाखवायचे, तिथं काहीच दिसत नसलं तरी.

मामाचं खरं काम असतं लग्नात. मुलीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीमागं उभं राहायचं तेही मामानं. या कामासाठी आबा वीसेक वर्षं वाट बघत होते म्हटलं तरी चालेल. इतरांच्या लग्नात मामांना कसं उभं राहायचं ते शिकवताना त्यांच्या डोक्यात अर्पिताच असायची.

आणखी एक रीत इथं सांगायलाच हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. आमच्याकडे मुलीचा मामा लग्नाला आला की सरळ गावात शिरत नाही. वेशीत, मारुतीच्या पारावर थांबतो. मग बहीण स्वतः ताट घेऊन येते. ताटात निरांजन, हळदीकुंकू, पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. ती भावाला ओवाळते, तुकडा ओवाळून टाकते आणि त्याला गावात घेऊन जाते. ती येईपर्यंत मामा पारावरून हलत नाही. ऊन असो, उशीर होवो, तो बसून राहतो, कारण बहीण येणार हे ठरलेलंच असतं.

आत्याचा फोन आला तेव्हा आबा बागेत होते. "दादा, अर्पिताचं लग्न ठरलं. तुला विमानानं यायचंय. तिकीट मी काढते." दिल्लीला इतकी वर्षं राहूनही आमच्याशी बोलताना तिची भाषा शहागडचीच असते, तेवढं तिनं सांभाळलंय. आबांनी दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला सांगितलं. हायवेवर ट्रकचं पंक्चर काढणाऱ्यालासुद्धा कळलं की रखमाजी भाचीच्या लग्नाला इमानानं निघाले. आईच्या गुडघ्यानं दावा धरलेला, म्हणून सोबत मी. आबांनी जालन्याहून अर्पितासाठी मामाची पिवळी साडी घेतली. दुकानदारानं दाखवलेल्या पहिल्या सगळ्या साड्या नापसंत केल्या, आणि शेवटी घेतली तीही "बरी हाये" म्हणूनच.

विमानाचं फार सांगत नाही. संभाजीनगरहून उडालं, दिल्लीला उतरलं. आबांनी हवाई सुंदरीला दोनदा "बाई, तुमी जेवल्या का?" विचारलं आणि मला खिडकीतून ढग दाखवत राहिले.

विमानतळाच्या दाराबाहेर आलो आणि आत्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"दादा, मला निघता येईना रे. हॉलवर पाय ठेवायला जागा न्हाई, मेंदीवाल्या आल्यात. तुमी असं करा, तिथनंच खाली रेल्वे हाये. डायरेक शहरात येती. शेवटच्या स्टेशनावर उतरा, ड्रायव्हर उभा असंल. वंदनाला समजंल बराबर."

"बरं," आबा म्हणाले.

मी पाट्या बघायला लागले. आबा मात्र बाहेरच्या एका बाकावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली, टोपी नीट केली.

"आबा, रेल्वे खाली आहे."

"आसंल."

"मग चला ना."

"दम धर. येईल ती."

"आत्ताच म्हणाली ना, येता येत नाही म्हणून."

"आसं म्हनायचं आसतंय. घरात लेकीचं लग्न आसल्यावर बाईला सुचतं का काई? काम आवरलं की येती का न्हाई बघ. गावाची येस म्हंजे येस, वंदे. गाव मोठं आसलं म्हून काय झालं?"

दिल्लीच्या विमानतळाची त्यांनी वेस करून टाकली होती. मला हसू आलं आणि वैतागही आला. येणारे लोक गाड्या बोलवत होते, सामान ढकलत होते, आणि आमचे मंत्री पारावर बसल्यासारखे बसले होते. मी चहा आणला. किंमत सांगितली नाही, नाहीतर त्यांनी तो परत करायला लावला असता. चहा संपला. मी पुन्हा म्हटलं, चला. ते पुन्हा म्हणाले, दम धर.

आणि मीना आत्या आली.

मलाच ती आधी दिसली. मोरपंखी साडी, केसात गजरा, बरोबर कल्याणराव. आत्याच्या हातात ताट, वर विणलेला रुमाल. मी आनंदानं उठलेच. मनातल्या मनात आबांची माफी मागितली. म्हातारा आपल्या बहिणीला ओळखतो, म्हटलं, आपणच करंटे. आबाही उठून उभे राहिले. टोपी काढून परत घातली.

आत्या आमच्याकडे आली नाही. आम्ही खांबाच्या आडोशाला होतो, तिची नजर आमच्याकडे वळलीच नाही. ती दाराशी थांबली. थोड्या वेळानं आतून एक साहेब आले. सूट, पांढरे केस, मागं सामान घेऊन एक माणूस. आत्यानं रुमाल काढला. निरांजन लावलं, वाऱ्यानं विझलं, कल्याणरावांनी हाताचा आडोसा केला, तिनं परत लावलं. साहेबांना कुंकू लावलं, ओवाळलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. येणारेजाणारे थांबून फोनवर फोटो काढत होते आणि साहेब हसत होते. कल्याणरावांनी पिशवीतून फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मामाशिवाय लग्न लागणार कसं, साहेब?"

तळपायाची आग मस्तकात जाणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी निघालेच होते. आबांनी माझं मनगट धरलं.

"खाली बस."

"आबा, तिनं तुम्हाला..."

"बस म्हनलो ना. तिचा पाव्हना हाये. पाव्हन्याम्होरं तिचं तोंड पाडायचं का?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मनगटावरची पकड मात्र सुटत नव्हती. आम्ही दोघंही बसलो. आत्या, कल्याणराव आणि साहेब एका लांबलचक गाडीत बसून निघून गेले. गाडीत जागा होती. सगळ्यात मागची आख्खी सीट रिकामी होती, हे मी कशाला पाहिलं कुणास ठाऊक.

गाडी दिसेनाशी झाल्यावर आबांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "चल. कुटं हाये ती रेल्वे?"

सरकत्या जिन्यानं खाली गेलो. एरवी त्या जिन्यावर पाय ठेवायला मला त्यांना दहा वेळा समजवावं लागलं असतं. त्या दिवशी ते न बघता चढले आणि न बघता उतरले. तिकिटं काढली. गाडी आली, थंडगार, चकचकीत, निम्मी रिकामी. आमच्या समोर एक गोरी बाई आपल्या बॅगेवर डोकं टेकून झोपली होती. आबा सीटच्या अगदी कडेला बसले, कुणाच्या तरी घरी न बोलावता आल्यासारखे. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मी बोलत होते. काय काय बोलले ते लिहीत नाही. सख्ख्या बहिणीनं केसानं गळा कापला, हे वाक्य मात्र नक्की बोलले. आबा काचेबाहेरच्या अंधारात बघत होते. मग गाडी बोगद्यातून वर उजेडात आली आणि फोन वाजला.

"दादा, बसलास का रे गाडीत?"

"बसलो."

"आत्ता बसलास? मला वाटलं पोचला असशील. एवढा येळ काय करून राह्यला व्हता?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

"काई न्हाई. जरा बसल्तो."

"बरं. मी हितं हॉलवरच हाये. सकाळधरनं बाहेर पडाया न्हाई जमलं बघ."

"आसू दे," आबा म्हणाले. "तू तुजं काम कर."

फोन बंद करून त्यांनी तो मला दिला. मग बाहीनं डोळे पुसले. उघड, माझ्यासमोर. मी त्यांना आधी असं कधी पाहिलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हासुद्धा ते गोठ्यात जाऊन रडले होते.

"न बोलवती तरी चाललं आसतं," ते म्हणाले. "लांब हाये, जमत न्हाई, म्हनली आसती तरी मी मानलं आसतं. पन तिकीट धाडलं. सगळ्या गावाला ठावं हाये वंदे, मी मामा म्हून चाललो."

पुढच्या स्टेशनाचं नाव गाडीत पुकारलं, शिवाजी स्टेडियम. आबांनी मान वर केली.

"हितं उतरायचं का?"

"नाही आबा, शेवटच्या."

"नाव वळखीचं आलं म्हून इचारलं," ते म्हणाले.

शेवटच्या स्टेशनावर वर आलो तर समोरच मोठं रेल्वे स्टेशन. नांदेडकडे जाणारी, जालन्याला थांबणारी गाडी इथूनच मिळते हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "आबा, पलीकडं गेलं की आपली गाडी. ड्रायव्हरला कळवायचीसुद्धा गरज नाही. चला घरी."

आबा त्या बाजूला बघत राहिले. मला वाटलं, येतील. मनापासून वाटलं.

"लेकराचं काय चुकलं?" ते म्हणाले. "आन् मी रुसून गेलो तर उद्या कोन्या तोंडानं लोकाच्या जावयाला ट्रालीतून उतरवू?"

ड्रायव्हर हातात आबांच्या नावाची पाटी घेऊन उभा होता. रखमाजी हे नाव बरोबर लिहिलं होतं.

हॉलवर आत्यानं आबांच्या पाया पडून "प्रवास बरा झाला ना?" असं विचारलं. कुंकवाचं बोट तिच्या पदराला लागलेलं दिसत होतं. आबांनी पिवळी साडी तिच्या हातात दिली. तिनं ती उघडून न बघता आहेराच्या टेबलावर ठेवायला कुणाला तरी दिली. मग आबांना खोलीत नेलं. मी मागोमाग गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

"दादा, एक सांगायचं व्हतं. तू चिडू नको."

"बोल."

"ह्यांचे मोठे साहेब हायेत. अर्पिताच्या नोकरीचं समदं त्यांनीच केलं. त्यांना बहीण न्हाई. ते सोताहून म्हनले, मी मामा व्हतो हिचा. ह्यांच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई. मंग उद्या मागं ते उभे राहतील. तू पहिल्या रांगंत बस, सोफ्यावर. तुझा फेटा येगळा आणून ठेवलाय."

"अर्पिताला ठावं हाये?"

आत्या खाली बघायला लागली. "हाये."

"आदी सांगायचं व्हतं, मीना."

"आदी सांगितलं असतं तर तू आला असता का?"

आबांनी विचार केला. खरंच केला, त्यांच्या कपाळावर दिसत होता.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग?" आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिला भाऊ लग्नात हवा होता, फक्त त्याची जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. मला मात्र त्या पाण्याची दया आली नाही. अजून येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुहूर्त. आबांनी वेगळा ठेवलेला फेटा घेतला नाही, आपली टोपीच घातली. सोफ्यावरही बसले नाहीत. मंडपाच्या मागच्या बाजूला, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेशी उभे राहिले, अक्षता मुठीत धरून. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

आबांचं पाऊल पुढं पडलं. मनात नव्हतं, मी शपथेवर सांगते; पायच निघाला. एकच पाऊल. मग ते थांबले, आणि शेजारच्या बाईला वाट करून द्यायला सरकल्यासारखं करून मागं आले.

साहेब अर्पिताला घेऊन आले. त्यांना तिचा हात कसा धरायचा ते माहीत नव्हतं. पार्टीत धरतात तसा कोपराला धरला होता. बोहल्यावर चढताना अर्पितानं एकदा मंडपभर नजर फिरवली. ती आबांवर आली आणि लगेच उतरली. मंगलाष्टकं चालू असताना साहेब एकदा फोनवर बोलायला बाजूला गेले. त्या वेळी पोरीच्या मागं कुणीच उभं नव्हतं. आबांनी ते पाहिलं. त्यांच्या मुठीतल्या अक्षता त्यांनी तेव्हाच टाकल्या, सावधान म्हणायच्या आधी. इतर लोक वळून बघायला लागले.

जेवायला मात्र ते बसले. पंगत होती, टेबलाची का होईना. चार घास नीट जेवले. आत्या जिलबीचं ताट घेऊन स्वतः वाढायला आली. लग्न पार पडलं होतं, चेहरा सैलावला होता.

"घे दादा, एक माझ्या हातची. मला काल रातभर धास्ती व्हती बघ, तू रुसून बसतोस का काय."

"रुसायचं काय त्याच्यात," आबा म्हणाले. मग पाण्याचा घोट घेतला आणि तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "मीना, तू काल ताट घेऊन आल्तीस, तवा मी तिथंच व्हतो. दाराजवळ, बाकड्यावर बसल्तो."

आत्याचा हात जिलबीसकट हवेतच राहिला.

"मी म्हनलं, माझ्यासाठीच आली. उठून उभा बी राह्यलो." आबा पानाकडे बघत बोलत होते. "ताट बराबर लावलं व्हतं. मायनं शिकवलं व्हतं तसंच. काईच इसरली न्हाईस."

आजूबाजूचे पाहुणे बघायला लागले, तेव्हा आबांनीच तिच्या हातातली जिलबी घेऊन आपल्या ताटात ठेवली.

"वाढ की तिकडं," ते म्हणाले. "लोक थांबलेत."

संध्याकाळी परतीचं विमान होतं. सामान घ्यायला आत्याच्या फ्लॅटवर गेलो, आणि ती आम्हाला पोचवायला खाली आली. डोळे सुजले होते. गाडी काढायला सांगते, मी स्वतः विमानतळापर्यंत येते, असं तिनं दोनदा म्हटलं.

"नगं," आबा म्हणाले. "स्टेशनापस्तोर रिक्षा करतो. म्होरं रेल्वे हाये. रस्ता ठावा झालाय आता."

"दादा, माझं चुकलं."

"व्हय," आबा म्हणाले. "चुकलं."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं ठेवणार नाहीत, पण ठेवला. मग रिक्षात बसले.

आमच्याकडे बहिणीचा निरोप घेताना भाऊ एक वाक्य म्हणतोच. भांडण झालेलं असलं, बोलाचाली बंद असली तरी म्हणतो. दिवाळीला ये गं. आबा तर आत्याचा फोन ठेवतानाही, श्रावण असो की शिमगा, दर वेळी तेच म्हणायचे, आणि आई त्यावरून त्यांना चिडवायची. ते वाक्य म्हटलं की माहेर उघडं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं. आबांनी स्टेशनाचं नाव सांगितलं. मीना आत्या रिक्षाच्या दांडीला धरून वाकून उभी होती, आबांच्या तोंडाकडे बघत. रिक्षा सुरू झाली तेव्हा तिनं हात काढला. आबा काही बोलले नाहीत.